कडप्प्याचा ओटा फोडावा की ठेवावा? तयार मॉड्युलर, सुतार की नुसत्या ट्रॉल्या?

रानजाई

नमस्कार मंडळी. पुण्यात कर्वेनगरला जुन्या इमारतीत रीसेलचा फ्लॅट घेतलाय. स्वयंपाकघर १० फूट बाय ८ फूट. लांब भिंतीला सरळ १० फुटी ओटा, वर काळा ग्रॅनाईट, खाली कडप्प्याचे उभे-आडवे कप्पे. दारं नाहीत, आधीच्या लोकांनी पडदे लावले होते. सिंक उजव्या टोकाला. पाइप गॅस अजून आमच्या इमारतीत आलेला नाही, त्यामुळे सिलिंडर ओट्याखालीच.

तीन जणांचे तीन सल्ले आहेत. मॉड्युलरच्या दुकानात सांगितलं, ओटा पूर्ण फोडा, आम्ही फॅक्टरीतून तयार खोकी आणून दोन-तीन दिवसांत बसवून देतो. सोसायटीत काम करणारे सुतार म्हणतात, प्लाय आणून द्या, जागेवर मापानं करतो, खर्च निम्म्यावर येईल. सासूबाईंचं म्हणणं, ओट्याला हात लावू नका, त्यांच्या सांगलीच्या घरी केल्यात तशा स्टीलच्या ट्रॉल्या टाका.

आमच्याकडे दोन्ही वेळचा स्वयंपाक घरीच होतो. सासूबाई आणि मी, दोघी करतो. मला फार शोभेचं काही नको. पावसाळ्यात कपाटांना कुबट वास येऊ नये, झुरळांना थारा मिळू नये आणि पुढची पंधरा वर्षं परत तोडफोड करायला लागू नये, एवढंच. ज्यांनी हे करून वापरलंय त्यांनी कृपया लिहा. दुकानातल्या चकचकीत नमुन्यांवरून मला काहीच ठरवता येत नाहीये.

मोजपट्टी

रानजाई, मी इंटिरियरची कामं करते. काय घ्यायचं हे ठरवायच्या आधी भिंत काय म्हणते ते बघा. तयार खोकी ठरलेल्या रुंदीत येतात, ३००, ४५०, ६००, ९०० मिलिमीटर अशी. ती काटकोनात बनलेली असतात, पण जुन्या इमारतीतली भिंत काटकोनात असेलच असं नाही.

कोपरा तपासायला मशीन लागत नाही. कोपऱ्यापासून एका भिंतीवर ३ फुटांवर खूण करा, दुसऱ्या भिंतीवर ४ फुटांवर. दोन खुणांमधलं तिरकं अंतर बरोबर ५ फूट भरलं तर कोपरा सरळ. मग छतापासून ओळंबा सोडून भिंत पोटात आलीये का ते बघा. फरक बोटभर असेल तर शेवटच्या खोक्याशेजारी पट्टी मारून तो झाकता येतो. दोन-अडीच इंच असेल तर तयार खोकी बसवताना जागा वाया जाते, आणि खोक्यामागे जी पोकळी राहते ती झुरळांची.

नव्या इमारतींत मायव्हान शटरिंगच्या (ॲल्युमिनियमच्या साच्यात ओतलेल्या) काँक्रीटच्या भिंती असतात, त्या एकदम सरळ निघतात. तिथे तयार मॉड्युलर फार छान बसतं. तुमची विटांची असणार. मापं घेऊन इथे टाका: प्रत्येक कप्प्याची आतली रुंदी, ओट्याची खोली आणि उंची.

भाडेकरू

सुताराकडे झुकत असाल तर एक व्यावहारिक गोष्ट. राहत्या घरात काम काढलं तर भुसा अगदी देवघरातल्या समईवरही बसतो. कटरचा आवाज, फेविकॉलचा वास, आणि दुपारच्या वेळी आवाजाची कामं बंद असा सोसायटीचा नियम असेल तर काम लांबतं. राहायला जायच्या आधी उरकता आलं तर उत्तम.

रंधा

सुतारकाम आमच्या घरात तीन पिढ्यांचं. माझं भोसरीला छोटं वर्कशॉप आहे. काम मागायला आलेलो नाही, पण 'निम्म्या खर्चात' हे वाचलं म्हणून हिशेब मांडतो.

दोन फूट रुंदीचं ओट्याखालचं एक खोकं धरा. २८ इंच उंच, २२ इंच खोल. दोन बाजू, तळ, वरच्या दोन पट्ट्या आणि शटर मिळून १८ मिलिमीटरचा प्लाय जवळपास १८ चौरस फूट लागतो. पाठीला पातळ प्लाय वेगळा, साडेचार-पावणेपाच फूट. समोरून दिसतं ते शटर फक्त पावणेपाच चौरस फुटाचं. म्हणजे पैसा शटरमध्ये कमी आणि न दिसणाऱ्या खोक्यात जास्त. गिऱ्हाईक मात्र सगळा वेळ शटरचा रंग निवडण्यात घालवतं.

१० फुटांत अशी पाच खोकी बसतात. ८ बाय ४ ची शीट ३२ चौरस फुटांची, म्हणजे वाया जाणारं धरून तीनच्या वरच शीट लागतात. मॉड्युलरमध्ये प्रत्येक खोक्याला स्वतःच्या दोन बाजू, पाच खोक्यांना दहा. सुतार जागेवर एकसंध करतो तेव्हा दोन कप्प्यांत एकच उभी फळी, सहात काम होतं. तिथेच अर्ध्या शीटहून जास्त वाचतं. शिवाय बरेच सुतार पाठ लावतच नाहीत, टाइल्सची भिंत हीच पाठ. दुकानाचं भाडं नाही, वाहतूक नाही. सुतार स्वस्त पडतो तो यामुळे. यात फसवणूक काही नाही, पण काय मिळतंय आणि काय मिळत नाहीये ते माहीत हवं.

मिळत नाही ती कडेची पट्टी. फॅक्टरीत एज बँड मशीनवर लागतो. गरम गोंद, वरून रोलरचा दाब, कड एकजीव होते. जागेवर हातानं लावलेली पट्टी शेगडीच्या आणि सिंकच्या जवळ आधी सुटते. पट्टी सुटली की पाणी कडेतून आत शिरतं. लॅमिनेट कितीही महागाचं असो, फळी कुजते ती कडेपासून.

दोन्हीच्या मधला एक रस्ता आहे आणि तो फार कमी लोक वापरतात. प्लाय तुम्ही स्वतः घ्या. भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमध्ये शब्द टाकलात तर मशीनवर कापून आणि एज बँड करून देणारे जॉबवर्कवाले कळतील. मापाची यादी सुतार देईल, जोडणी तोच करेल. मशीनची कड आणि तुमच्या भिंतीचं माप, दोन्ही साधतं. घरात भुसाही होत नाही.

प्लाय घेताना शीटवरचा शिक्का वाचा. आयएस ७१० म्हणजे मरीन, ७२ तास उकळत्या पाण्याची चाचणी सोसणारा. बीडब्ल्यूआर लिहिलेला ८ तासांचा. एमआर म्हणजे कमर्शियल प्लाय, तो बेडरूमच्या कपाटाला ठीक, स्वयंपाकघरात नाही. शिक्क्याखाली सीएम/एल असा परवाना क्रमांक असतो. बीआयएस केअर नावाच्या अॅपवर तो टाकला की परवाना कुणाचा ते दिसतं. दुकानात उभ्या उभ्या तपासा.

दुपारचा_चहा

रंधा दादा, एचडीएचएमआर, म्हणजे तो ओल सोसणारा दाबलेल्या लाकडी तंतूंचा बोर्ड, त्याबद्दल काय मत? आमच्या कोटेशनमध्ये तेच लिहिलंय. सेल्समन म्हणाला प्लायपेक्षा भारी.

रंधा

शटरला चांगलं. घट्ट दाबलेलं असतं, अंगानं एकसारखं सपाट, प्लायसारखं वळत नाही. साध्या पार्टिकल बोर्डपेक्षा पाणीही कितीतरी जास्त सोसतं. पण सिंकखालच्या खोक्याला मी तरी वापरत नाही. तिथे पाइपासाठी भोक पाडावं लागतं आणि ती कापलेली कड उघडीच राहते. कुणी सिलिकॉन मारून बंद करतं, बहुतेक जण नाही. आणि स्क्रू. एकदा निघालेला स्क्रू त्याच भोकात पुन्हा घट्ट बसवायचा तर प्लायच बरा. बिजागरी पंधरा वर्षांत एक-दोनदा काढावीच लागते.

शटर कशाचंही असो, आतूनही लॅमिनेट हवं. बाहेर १ मिलिमीटर, आत ०.८ चालेल. एकाच बाजूला लावलं तर शटर धनुष्यासारखं वाकतं.

एडिसनकर

इकडे न्यू जर्सीत आम्ही दोन वर्षांपूर्वी किचन बदललं. इथे तीन प्रतवाऱ्या चालतात: स्टॉक, सेमी-कस्टम, कस्टम. स्टॉकमध्ये रुंदी ९ इंचांपासून पुढे तीन-तीन इंचांनी वाढत जाते आणि उरलेल्या जागेत पट्टी. भिंती लाकडी सांगाड्याच्या, म्हणून वरची कपाटं त्या सांगाड्याच्या उभ्या फळ्यांवरच टांगायची. तुमच्या विटांच्या भिंतीला हे काही लागू नाही.

लागू आहे ती उंची. इथे खालचं कॅबिनेट साडेचौतीस इंच, वर दीड इंचाचा दगड, ओटा ३६ इंचांवर. सगळीकडे हाच आकडा. आई इथे आली की पोळ्या लाटताना पायाखाली पाट घेते. लाटण्यावर खांद्यानं जोर द्यावा लागतो आणि संध्याकाळी तिचे खांदे भरून येतात. इतका खर्च केलेल्या स्वयंपाकघरात आईला पाटावर उभं राहावं लागतं याचं मला फार वाईट वाटतं.

भारतातही आता हा प्रश्न येणार. आयकियाचं तुर्भ्याचं दुकान डिसेंबर २०२० मध्ये उघडलं, तिथे बरेच मराठी लोक किचन बघायला जातात. त्यांच्या मेटॉड पद्धतीत खालचं खोकं ८० सेंटिमीटर उंच, त्याला ८ सेंटिमीटरचे पाय, वर ओट्याची जाडी. म्हणजे पुन्हा ३६ इंचांच्या आसपास. उंच माणसाला सोयीचं आहे. रानजाई, तुमच्या सासूबाईंची उंची किती?

रानजाई

त्या ४ फूट १०, मी ५ फूट ४. उंचीकडे माझं लक्षच गेलं नव्हतं, फार बरं झालं लिहिलंत.

मोजपट्टी, मापं घेतली. ओट्याची उंची साडेएकतीस इंच, खोली २४. कप्पे डावीकडून: १८ इंच (सिलिंडर), ३३, ३४, आणि सिंकखालचा २९. मधल्या दोन कप्प्यांत आडवा कडप्पा आहे. ३-४-५ करून पाहिलं, तिरकं अंतर ५ फूट सव्वा इंच भरतंय. कडप्पे जुने आहेत पण कुठे तडा नाही. सिंकखालच्या भिंतीला ओल दिसत नाही.

मोजपट्टी

म्हणजे कोपरा काटकोनापेक्षा उघडा आहे. ओट्याच्या दोन फूट खोलीत त्याचा फरक पाऊण-एक इंच पडेल. तयार खोकी बसतील, पण टोकाला पाचरीच्या आकाराची पट्टी लागेल.

उंचीचं गणित असं: कोपर वाकवून हात सरळ पुढे धरा आणि जमिनीपासून कोपरापर्यंत मोजा. ओटा त्याच्या ४ ते ६ इंच खाली हवा. तुमच्या उंचीला ओटा ३४-३५ वर यावा, सासूबाईंना ३१-३२ वर. सध्याचा ओटा त्यांच्या मापाचा आहे. लाटणं, मळणं, कुटणं खालच्या ओट्यावर सोपं जातं, चिरणं थोडं वर बरं. सिंक तर आणखी वर लागतं, कारण हात सिंकच्या तळापर्यंत जातात.

कृष्णाकाठ

सासूबाईंच्या बाजूनं लिहिते. सांगली-कोल्हापूरकडे घरोघरी हेच: कडप्प्याचा ओटा, आत स्टीलच्या ट्रॉल्या, समोर शटर. ट्रॉल्या बनवणारा घरी येतो, प्रत्येक कप्प्याचं माप घेतो आणि त्या मापाच्या ट्रॉल्या वेल्डिंग करून आणतो. हेही मापाचंच काम झालं, फक्त लाकडाऐवजी स्टीलचं. कृष्णेला पूर आला तेव्हा आमच्या गल्लीत घरात पाणी शिरलं होतं. प्लायची खोकी होती ती फुगून फेकावी लागली. आमच्या ट्रॉल्या काढल्या, गाळ धुतला, चॅनल (ट्रॉली ज्यावर सरकते त्या पट्ट्या) बदलले, कडप्पा जागच्या जागी. शटरं मात्र नवी करावी लागली.

कर्वेनगरात तुमच्या मजल्यावर पूर येणार नाही. पण सिंकचा पाइप गळणं, कुकरचं पाणी सांडणं, फरशी धुणं हे रोजचंच. कडप्पा आंध्रातल्या कडप्पा भागातला चुनखडीचा दगड, तो कुजत नाही, फुगत नाही, वाळवी त्याला खात नाही. ॲसिडनं मात्र खराब होतो, म्हणून ॲसिडचा क्लीनर आत वापरू नका. मरीन प्लायची जी महती सांगतात ती या दगडापुढे कमीच. बिल्डरनं तुम्हाला आयतं दगडी खोकं दिलंय, ते पैसे देऊन फोडून त्या जागी लाकूड का आणायचं?

ट्रॉल्या घेताना:

एसएस ३०४ (स्टेनलेस स्टीलची प्रत) मागा आणि बिलावर लिहून घ्या. २०२ दिसायला तसंच चकचकीत, पण त्यात निकेल कमी, मँगनीज जास्त. मिठाच्या पाण्यानं, चिंचेच्या डागानं लवकर गंजतं. 'चुंबक लावा, चिकटलं नाही म्हणजे ३०४' असं सांगतील. त्याला अर्थ नाही, २०२ लाही चुंबक चिकटत नाही. स्टीलवाल्यांकडे तपासायचं द्रावण असतं, एक थेंब टाकून रंग बघतात. समोर करून दाखवा म्हणावं.

तार जाड हवी. ट्रॉली भरलेली असताना पूर्ण बाहेर ओढून बघा, तोंड खाली झुकत असेल तर चॅनल हलका आहे. ताटांची ट्रॉली खाली, वाट्या-पेल्यांची वर. डाळी-पिठाच्या डब्यांना जाळीची नको, पत्र्याची घ्या, बरण्या तिरक्या होत नाहीत.

मोजपट्टी

कृष्णाकाठ, दगडाबद्दल सहमत. पण दुसरी बाजू मांडते, कारण मी असे ओटे आतून बघते. कडप्प्याचे उभे दगड ओळंब्यात नसतात. वर ३३ इंच आणि खाली साडेबत्तीस अशी मापं निघतात. ट्रॉली लहान मापानं करावी लागते, दोन्ही बाजूंना फट उरते, तीत हात जात नाही आणि कांद्याची सालं, मोहरी, खरकटं पडत राहतं. रानजाईंना झुरळं नकोत म्हणून हे महत्त्वाचं. दगड आणि भिंतीचा सांधा, दगड आणि ग्रॅनाईटचा सांधा हेही सिमेंट निघून उघडे पडलेले असतात.

शिवाय बिजागरी दगडावर थेट बसत नाही. प्रत्येक कप्प्याला समोरून चौकट लागते, ती दोन्हीकडून जागा खाते. फॅक्टरीच्या खोक्यात हा त्रास नाही. आतली भिंत गुळगुळीत, पुसली की स्वच्छ.

रंधा

दोघींचंही बरोबर आहे. तरीही या ओट्याला मी हातोडा लावणार नाही. १० फूट लांब, २ फूट रुंद, पाऊण इंच जाड ग्रॅनाईटचं वजनच ९० किलोच्या पुढे जातं. ते आज या उभ्या कडप्प्यांवर पेललंय. ओटा फोडताना ग्रॅनाईट अखंड निघेल याची खात्री कुणी देत नाही, मागची टाइल्सची ओळ तर जातेच. म्हणजे कपाटांच्या खर्चात ग्रॅनाईट, टाइल्स, गवंडी आणि राडारोडा टाकणं धरा. दुकानातल्या कोटेशनमध्ये हे नसतं.

फटींचा इलाज आहे. आधी ओटा पूर्ण रिकामा करून आत धुवून घ्या. गवंड्याकडून सगळे सांधे पांढऱ्या सिमेंटनं किंवा इपॉक्सीनं भरून घ्या. उभ्या दगडांना आतून पांढऱ्या टाइल्स चिकटवल्या तर ओळंबाही दुरुस्त होतो आणि आत उजेडही येतो. अर्धा इंच रुंदी जाते, जाऊ द्या. मधले आडवे कडप्पे पाण्याचा कटर लावून काढायचे, हातोड्यानं नाही, नाहीतर हादऱ्यानं वरच्या ग्रॅनाईटचा सांधा हलतो. उभ्यांना धक्का लावायचा नाही.

भोक पाडताना दगडाच्या कडेपासून दीड-दोन इंच आत पाडायचं. कडप्पा थराथराचा असतो, कडेला ड्रिल लावलं की पापुद्रा सुटतो. चौकट ॲल्युमिनियमची घ्या. लाकडी पट्टी मारली तर तीच पहिली कुजेल.

मोजपट्टी ताईंनी उंचीचं लिहिलंय ते वाचून एक सुचतं. हा ओटा सासूबाईंच्या मापाचा आहे, तो ओला ओटा. समोरच्या भिंतीला १० फूट मोकळे आहेत. खोली ८ फूट, त्यातले २ ओट्याचे. समोर दीड फूट खोलीचं केलं तरी मध्ये साडेचार फूट वावरायला राहतात. तिथे रानजाईंच्या उंचीचा, ३५ इंचांचा दुसरा ओटा करा, फॅक्टरीच्या तयार खोक्यांवर. त्या भिंतीला पाणी नाही, गॅस नाही, टाइल्स नाहीत. कोरड्या जागी तयार खोकी उत्तम टिकतात आणि तिथे मापही हवं ते घेता येतं. मिक्सर, डबे, चिरणं सगळं तिकडे. दीड फूट खोली हे नेहमीचं माप नाही, पण फॅक्टरीवाले करून देतात, आधी विचारून घ्या.

किनारपट्टी

रत्नागिरीजवळ आमचं जांभ्या चिऱ्याचं घर आहे. इकडे आषाढात भिंती घामेजतात. त्या अनुभवावरून पुण्यासाठी उपयोगी पडेल एवढंच लिहितो.

कुबट वास येतो तो पाठीमागून. खोक्याची पाठ भिंतीला टेकली आणि तिला मागून लॅमिनेट नसलं की प्लाय ओल ओढतो आणि बुरशी धरतो. वरच्या बंद कपाटांत जास्त, कारण ती रोज उघडली जात नाहीत. पाठ दोन्ही बाजूंनी लॅमिनेट केलेली घ्या, भिंतीपासून अर्धा इंच सुटी ठेवा. जमिनीवरच्या खोक्यांना प्लास्टिकचे ४ इंची पाय असतातच, समोरची पट्टी ओढून काढता येणारी करा, म्हणजे खाली फडका फिरतो आणि वाळवीचा माग लागला तर दिसतो. तयार खोक्यांची ही गोष्ट मला खरंच आवडते. सुताराच्या जमिनीला टेकवलेल्या कामात वाळवी आत पोचली तरी कळत नाही.

क्रोम चढवलेल्या लोखंडी ट्रॉल्या इकडे खाऱ्या हवेत फार लवकर फुलतात. पुण्यात जास्त टिकतील, पण कृष्णाकाठ म्हणतात तेच घ्या.

रानजाई

सासूबाईंना आणि ह्यांना हे सगळं वाचून दाखवलं. ओटा फोडायचा नाही हे ठरलं. खाली ट्रॉल्या, समोर ३५ इंचांचा कोरडा ओटा, आणि ओट्यावरच्या भिंतीला तयार कपाटं. सासूबाई म्हणाल्या, सिंकखाली दार लावूच नका, हवा खेळू दे. मला उघडं सिंक बघायला आवडत नाही. यावर काही मार्ग?

आणि कोटेशनं आली आहेत. एकानं चौरस फुटाचा भाव दिलाय, दुसऱ्यानं रनिंग फुटाचा (म्हणजे नुसत्या लांबीवर), तिसऱ्यानं एकच रक्कम. तुलना कशी करायची?

हिशेबनीस

तुलना करायची तर तिघांना एकाच कागदावर आणा. चौरस फूट म्हणजे समोरून दिसणाऱ्या शटरचं क्षेत्रफळ, की खोक्याच्या सगळ्या फळ्यांचं? रंधा दादांनी वर दाखवलंय की एका खोक्यात समोर पावणेपाच फूट आणि आत अठरा. भाव सारखाच दिसला तरी बिलात जवळपास चौपट फरक पडू शकतो. रनिंग फुटाच्या भावात वरची कपाटं धरली आहेत का तेही विचारा.

मग प्रत्येकाकडून वेगळं लिहून घ्या: खोक्याचं मटेरियल आणि त्याचा आयएस क्रमांक, शटरचं मटेरियल, आतलं लॅमिनेट, पाठीची जाडी, बिजागरी आणि चॅनल कोणत्या कंपनीचे आणि कोणत्या मॉडेलचे. 'ब्रँडेड हार्डवेअर' हे उत्तर घेऊ नका. हेटिक, हाफेले, ब्लम, एब्को यांच्यातसुद्धा साध्या आणि महाग अशा मालिका असतात. ट्रॉल्या धरून की वेगळ्या, हँडल, वाहतूक, जुनं काढून नेणं. फर्निचरवर १८ टक्के जीएसटी आहे, तो भावात आहे की वर, हे पहिल्याच भेटीत विचारा.

पैसे एकदम देऊ नका. सगळी शटरं एका रेषेत आल्यावर आणि सगळे ड्रॉवर भरून ओढून बघितल्यावर द्यायचे म्हणून १० टक्के मागे ठेवा. हे आधीच कबूल करून घेतलं तर चांगला माणूस नाही म्हणत नाही.

कृष्णाकाठ

सिंकखाली ॲल्युमिनियमच्या चौकटीचं झडपांचं दार लावा, खिडकीच्या झडपांसारखं. दिसत नाही आणि हवाही खेळते. आत ट्रॉली नको, फक्त कचऱ्याचा डबा आणि खाली पाणी दिसेल असा उथळ ट्रे.

किनारपट्टी

सिलिंडरच्या कप्प्याचंही बघा. तिथे खाली फळी टाकू नका, भरलेला सिलिंडर तीस किलोच्या आसपास भरतो, तो थेट फरशीवर ठेवा. शटरला अगदी खाली जाळी हवीच. सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड, गळला तर जमिनीलगत साठतो. पुढे पाइप गॅस आला की उलट, तो हवेपेक्षा हलका, त्याला वर वाट लागते. म्हणून आत्ताच वर आणि खाली दोन्हीकडे जाळी करून घ्या.

रानजाई

हे तर कुठल्याच दुकानात कुणी बोललं नाही. खूप आभार.

शेवटचं विचारते. वरची कपाटं टांगायच्या भिंतीवर बोटानं वाजवून पाहिलं. खिडकीच्या डाव्या बाजूला दोन-तीन टाइल्स पोकळ वाजतात. त्याच्यावर कपाट टांगलं तर चालेल का? आत काचेची भांडी आणि डिनर सेट असणार आहे.

रंधा

नको. पोकळ आवाज म्हणजे टाइलनं किंवा आतल्या गिलाव्यानं भिंत सोडली आहे. तिथे खुंटी गिलाव्यातच अडकते, विटेपर्यंत पोचत नाही, आणि वजन पडलं की सगळंच घेऊन येते. तेवढ्या टाइल्स काढायला सांगा. गिलावा ठोकून बघा, जिथपर्यंत पोकळ वाजतो तिथपर्यंत खरवडून नवा करा. टाइल्स त्याच रंगाच्या मिळाल्या नाहीत तरी चिंता नको, कपाटामागे जातात. नवा गिलावा नीट वाळू द्या, पाणी मारणं झाल्यावरही दोन-तीन आठवडे थांबा, मगच कपाटं मागवा.

आणि कपाट दोन खिळ्यांवर टांगू देऊ नका. मागे लांब धातूची पट्टी येते, ती भिंतीला जागोजागी आवळून तिच्यावर कपाट अडकवतात, म्हणजे वजन वाटलं जातं. ड्रिलमधून लाल भुकटी येते का ते स्वतः उभं राहून बघा. लाल आली की विटेत पोचलं. पांढरी-राखाडीच येत राहिली तर अजून आत जायला सांगा.